दोन देशांना पुरेल एवढं

बायको अंघोळीला गेली की तिचा फोन उचलायचा नाही, हा नियम सेक्रेटरींनी स्वतःच केला होता आणि त्या सुट्टीच्या सकाळी स्वतःच मोडला. फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. शेवटी बाथरूममधूनच हुकूम आला, "अहो, घ्या ना तो! गोठेवाल्यांचा असेल!"

सेक्रेटरी म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. पोटापाण्यासाठी त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. पण इमारतीच्या मीटिंगला एकदा ते उशिरा पोहोचले आणि पोहोचेपर्यंत सर्वानुमते निवडून आले होते. त्यांची बायको सरकारी प्रयोगशाळेत माती तपासायची, म्हणून सगळी इमारत तिला मातीबाई म्हणायची. घरच्या फ्रिजमध्ये खाली भाजी आणि वर निरनिराळ्या शेतांची माती अशी वाटणी होती, आणि पाहुण्यांना तो फ्रिज उघडायची परवानगी नव्हती.

मातीबाई गेली काही वर्षं एकाच कामाच्या मागे लागली होती. जनावरांचं खत आपल्या देशातले शेतकरी जमिनीला किती आणि कसं घालतात, समुद्रापलीकडच्या एका देशातले किती आणि कसं घालतात, आणि दोन्हीकडच्या मातीचं त्याने काय होतं, याची तुलना. तिकडे तिच्यासारखीच एक बाई याच कामाला जुंपलेली होती. आता शेवटचा प्रयोग तेवढा राहिला होता. आपली माती आणि त्यांचं खत, त्यांची माती आणि आपलं खत, अशा सगळ्या जोड्या जमवून कुंड्या भरायच्या. तिकडची माती आधीच प्रयोगशाळेत पोहोचली होती, तिकडची बाई आपलं खत घेऊन आज दुपारी विमानाने येणार होती, उद्या सकाळी दोघी मिळून कुंड्या भरणार होत्या आणि परवा पाहुणी परत जाणार होती. आपलं खत मात्र गोठेवाल्यांच्याच उकिरड्यातलं हवं होतं. इतकी वर्षं त्याच उकिरड्याची तपासणी झाली होती, ऐनवेळी दुसरं घेतलं तर आधीचं सगळं मोजमाप पाण्यात.

सेक्रेटरींनी फोन घेतला.

"बाई आहेत का?"

"अंघोळीला गेल्यात. मी त्यांचे मिस्टर बोलतोय."

"नमस्कार, नमस्कार! साहेब, बाईंनी खत मागवलंय. किती पाठवू, तेवढंच विचारायचं होतं."

सेक्रेटरींनी बाथरूमच्या दारावर टकटक केली. "अगं, किती पाठवू विचारतायत!"

"दोन्ही देशांच्या कुंड्यांना पुरेल एवढं!" मातीबाई आतून ओरडली. पण नेमका त्याच वेळी तिने डोक्यावर तांब्या ओतला आणि मधल्या कुंड्या वाहून गेल्या.

"दोन्ही देशांना पुरेल एवढं पाठवा," सेक्रेटरींनी निरोप चोख पोहोचवला.

गोठेवाल्यांनी खात्री करून घेतली. "दोन्ही... देशांना?"

"हो. ती तसंच म्हणतेय."

"बाई म्हणाल्या ना? मग विषय संपला," गोठेवाले म्हणाले. "साहेब, इतक्या वर्षांत बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलंय. चहासुद्धा अर्धा कप घेतात हो! कुठे पाठवू? आज ऑफिस बंद असेल."

"घरीच पाठवा की."

"जागा आहे का?"

"आहे ना! अहो, त्याला अशी कितीशी जागा लागणार?" सेक्रेटरी उदारपणे म्हणाले.

मातीबाई केस पुसत बाहेर आली. विमानतळावर जायची घाई होती. खत घरीच येतंय म्हटल्यावर तिला बरंच वाटलं. "पिशवी आली की सावलीत ठेवा. आतल्या खतात काही पडू देऊ नका, सांडू नका, आणि आईंना सांगून ठेवा. ते गेलं तर माझं सगळंच गेलं, एवढं लक्षात असू द्या," असं बजावून ती गाडीची किल्ली घेऊन निघाली.

आणि मग पिशवी आली. ट्रॅक्टरला जोडून आली. एका ट्रॅक्टरला जोडून एक ट्रॉली आणि त्याच्यामागे दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडून दुसरी, दोन्ही काठोकाठ.

सुट्टी म्हणून सेक्रेटरी उशिराच गॅलरीत दात घासत उभे होते. खालून पहिल्या ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "मातीवाल्या बाई इथेच राहतात ना? ही आपल्या देशाची ट्रॉली, मागची त्यांच्या देशाची. कुठली कुठे टाकू?"

तोंडात फेस असल्यामुळे सेक्रेटरींना फक्त हात हलवता आले. नको नको म्हणून त्यांनी दोन्ही हात दोन्हीकडे हलवले. ट्रॅक्टरवाला समजूतदार होता. एक डावीकडे आणि एक उजवीकडे, असा त्याने अर्थ लावला. सेक्रेटरी चूळ भरून, एका पायात स्वतःची आणि एका पायात आईची चप्पल घालून खाली पोहोचले तोवर दोन्ही ट्रॉल्या रिकाम्या झाल्या होत्या, दोन्ही देश एकमेकांत मिसळले होते आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंची पांढरी गाडी चाकांपर्यंत खतात उभी होती.

"गोठेवाल्यांनी निरोप दिलाय," ट्रॅक्टरवाला जाता जाता म्हणाला, "कमी पडलं तर लाजू नका म्हणावं."

झालं! पाच मिनिटांत इमारत गॅलऱ्यांमध्ये उभी राहिली. प्रत्येकाने नाकाला काही ना काही लावलं होतं. खरं सांगायचं तर वास काहीच येत नव्हता, पण ढीग बघून नाकं आपोआप झाकली गेली होती. डॉक्टरीणबाई स्वतःच्या गाडीभोवती फिरायला बघत होत्या आणि फिरता येत नव्हतं म्हणून आणखी चिडत होत्या. आणि दुसऱ्या मजल्यावरून ज्यांची धास्ती होती ते उतरले. तक्रारकाका.

तक्रारकाका कोर्टात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोर्ट घरी आणलं. लिफ्ट आवाज करते, पाण्याची टाकी गळते, वरचे लोक रात्री खुर्च्या ओढतात, समोरचे लोक मोठ्याने शिंकतात, अशा त्यांच्या तक्रारी चालायच्या. कबुतरांना वाचता येत असतं तर त्यांनी कबुतरांनाही नोटीस पाठवली असती.

"सेक्रेटरी, हे काय आहे?"

"खत आहे, काका."

"कुणाचं?"

"म्हणजे... तसं बघायला गेलं तर दोन देशांचं आहे."

काकांनी चष्मा वर केला, ढिगाकडे पाहिलं, चष्मा खाली केला, सेक्रेटरींकडे पाहिलं. "ज्याने बंदोबस्त करायचा त्याच्याच दारचा गुन्हा," ते म्हणाले आणि तरातरा वर निघून गेले.

त्यांनी मातीबाईला फोन लावला. पण गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा तिचा नियम होता आणि ती तो पाळायची. मग त्यांनी गोठेवाल्यांना लावला.

"पोहोचलं का, साहेब?" गोठेवाले खुशीत होते. "उकिरडा खरवडून दिलाय बघा. तळ लागला, मग झाडू मारून घेतला. दोन देशांचं काम म्हटल्यावर हात आखडता घेऊन कसं चालेल?"

"पोहोचलं. फारच पोहोचलं. मी काय म्हणत होतो, थोडं परत..."

"कमी पडलं का?"

"नाही नाही!"

"मग बाईंना आवडलं नाही?" आवाज पडला. "साहेब, ती ओढ्याकडची जमीन मी सोडून दिली होती हो. मीठ फुटल्यासारखी पांढरी पडली होती, गवतसुद्धा येत नव्हतं. बाई भर उन्हात शेतात बसल्या, माती हातात घेतली, म्हणाल्या पाणी कमी करा आणि खत नीट मुरवून घाला. आज तिथे उभं पीक आहे. रोज सकाळी ते बघतो आणि बाईंची आठवण काढतो. आता ते खत परत घेऊ का मी?"

आता बोला! अशा माणसाला काय सांगणार? आपली बायको उन्हात कुणाच्या शेतात बसते आणि कुणीतरी रोज सकाळी तिची आठवण काढतं, हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच कळत होतं. "खूप आवडलं. खूप आभार," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि ढिगापाशी येऊन उभे राहिले.

मग त्यांनी रोपं विकणाऱ्याला फोन केला, त्याला सुट्टी होती. बागेच्या माळ्याला केला, तो म्हणाला साहेबांना विचारून सांगतो, आणि साहेबांनाही सुट्टी होती. खाली डॉक्टरीणबाई "आत्ताच्या आत्ता!" म्हणून बसल्या होत्या आणि पहिल्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई "मुलं दुपारी यायची आहेत, ती काय याच्यावरून उड्या मारणार?" म्हणून विचारत होत्या. फुकट देतो म्हटलं तरी कुणी घेईना, आणि ठेवतो म्हटलं तर कुणी ठेवू देईना.

अशा वेळी सेक्रेटरींच्या आई जिना उतरून आल्या. आपली एक चप्पल शोधायला आल्या होत्या. त्या शेतावर वाढलेल्या. ढीग बघून चप्पल विसरल्या. त्यांनी मूठभर खत उचललं, बोटांत चुरडलं आणि सगळ्यांच्या देखत नाकापाशी नेलं.

"अरे, हे किती सुरेख मुरलंय! चहाच्या पावडरीसारखं मोकळं झालंय बघ. असं खत मी लहानपणी बघितलं होतं, त्यानंतर आज बघतेय," त्या म्हणाल्या. "जा, माझं घमेलं आण. कढीपत्ता किती दिवस हिरमुसून बसलाय."

डॉक्टरीणबाईंनी नाकावरचा रुमाल जरासा खाली केला. "आजी, शेवंतीला चालतं का हो हे?"

"चालतं? पळतं!"

डॉक्टरीणबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि गाडीतून एक पिशवी काढली. ती भरताना वरच्या सगळ्यांनी त्यांना बघितलं. मग काय विचारता! बादल्या आल्या, टब आले, पातेली आली, एकाने बाळाचं अंघोळीचं घंगाळं आणलं, तिसऱ्या मजल्यावरचा व्यायामवाला तर चाकांची बॅग घेऊन आला आणि प्रवासाला निघाल्यासारखा भरून घेऊन गेला. शेजारच्या इमारतीत बातमी गेली, तिथून माणसं आली. सेक्रेटरी हात जोडून प्रत्येकाचे आभार मानत होते. "फार उपकार झाले, आणखी घ्या, अजून एक बादली न्या ना!" असा आग्रह त्यांनी लग्नातसुद्धा कुणाला केला नव्हता.

ढीग अर्ध्यावर आला तेव्हा लोक उलट त्यांचे आभार मानायला लागले. पाव राहिला तेव्हा भांडायला लागले. "तिसरा मजला दोनदा येऊन गेला!" "बाहेरच्या इमारतीला कशाला दिलं? आपल्याला पुरायला नको?" "माझी बादली इथे ठेवली होती, माझा नंबर आहे!" सकाळी आत्ताच्या आत्ता उचला म्हणणाऱ्या डॉक्टरीणबाई आता गाडीखाली गेलेलं खतसुद्धा काटकीने ओढून घेत होत्या. सेक्रेटरींनी रांग लावली.

बायकोचं सांगणं मात्र ते विसरले नव्हते, बरं का. गर्दी वाढायच्या आधीच त्यांनी स्वतःच्या हाताने एक स्वच्छ पिशवी भरून, तोंड बांधून घराच्या दाराआड नेऊन ठेवली होती. त्यामुळे शेवटचा चुरा उचलला गेल्यावर त्यांनी पाइप लावून अंगण धुतलं, सगळ्या जगाबद्दल कृतज्ञ होऊन भरपेट जेवले आणि झोपले.

मातीबाई पाहुणीला घेऊन आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. पाहुणी उंच, हसरी आणि प्रवासाने दमलेली. तिने पाणी पिण्याआधी बॅगेतून आपलं खत काढलं. वाळवून, तापवून निर्जंतुक केलेलं, सीलबंद पाकिटांतलं, वर सरकारी शिक्के. तिच्या देशात गाईगुरं उदंड आणि जमीन थोडी, त्यामुळे खताचं काय करायचं हाच तिथल्या शेतकऱ्यांपुढचा प्रश्न होता, असं मातीबाईने सासूबाईंना समजावून सांगितलं. सासूबाईंना ते पटलं नाही. "खत जास्त होतं म्हणजे काय? उगाच काहीतरी," त्या म्हणाल्या.

"आपली पिशवी आणा हो," मातीबाई म्हणाली.

"दाराआड आहे," सेक्रेटरी ऐटीत उठले. दाराआड छत्री होती.

"ती होय?" आई म्हणाल्या. "ती मी दिली. तू झोपला होतास ना, शिकवणीवाल्या बाई आल्या. मुलं गेल्यावर उतरल्या तर सगळं संपलेलं. बिचारी रिकामी बादली घेऊन परत चालली होती, मला बघवेना. मला वाटलं आपलं उरलंसुरलं आहे."

मग सकाळपासूनचं सगळं सांगावं लागलं. ट्रॉल्या, दोन देश, रांग, सगळंच. मातीबाई ओरडली असती तर सेक्रेटरींना बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "अहो, मी कुंड्यांना म्हटलं होतं," आणि खुर्चीत बसली. मग गोठेवाल्यांना फोन केला. पण उकिरड्याला झाडू मारून झाला होता आणि नवीन ढीग मुरायला वर्ष तरी जाणार होतं. फोन ठेवताना तिने त्यांचे आभार मानले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून हसलीसुद्धा. मग तिचे डोळे भरले.

सेक्रेटरींना हे सहन होईना. इतकी वर्षं फ्रिजमधल्या मातीला त्यांनी नावं ठेवली होती, पण या बाईने उन्हातान्हात जे जमवलं ते आपल्या एका फोनने गेलं, या विचाराने त्यांना कसंतरीच झालं. "ऊठ," ते म्हणाले. "गेलंय कुठे ते? याच इमारतीत आहे. घरोघर जाऊ. मूठभर तर मूठभर, मी मागून आणतो."

अशी ती मिरवणूक निघाली. पुढे सेक्रेटरी, मागे मातीबाई, तिच्यामागे पाहुणी, कारण तिला घरी थांबायचं नव्हतं.

शिकवणीवाल्या बाईंनी पिशवीभर खत गूळ घालून बादलीत भिजत घातलं होतं. "कुठेतरी बघितलं होतं हो, म्हणे ताकद वाढते," त्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यात अंड्यांची टरफलं कुस्करली होती. चौथ्या मजल्यावर चहाचा चोथा घातला होता, पाचव्यावर राख. व्यायामवाल्याने तर स्वतःची प्रोटीनची पावडर घातली होती आणि वर सगळी बॅग कुंड्यांत रिकामी करून पाणीही दिलं होतं. एवढं गुणाचं खत, पण जसं आलं तसं एकालाही पुरेसं वाटलं नव्हतं. ज्याने त्याने आपापली अक्कल त्यात कालवली होती. बाकीच्यांनी दार उघडलंच किलकिलं. "आम्ही? आम्ही नेलंच नाही!" असं म्हणणाऱ्यांच्या हातांना कोपरापर्यंत खत लागलेलं दिसत होतं. परत मागायला आले, अशी कुजबुज यांच्याआधीच मजले चढली होती.

पाहुणीला आधी काही कळेना. मातीबाईने तिला सकाळपासूनचा किस्सा सांगितला, तसं ती जिन्यात कठडा धरून हसायलाच लागली. हसता हसता काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"म्हणतेय, सकाळी तुमच्या दारात माझा देश होता, खत कुणालाच नको, आणि दुपारी तुमचा, खत कुणालाच पुरेना," मातीबाई म्हणाली आणि इतक्या वेळाने तिलाही हसू आलं. "मी इतकी वर्षं जे आकडे काढतेय, ते म्हणे तुम्ही एका दिवसात अंगणात मांडून दाखवलंत."

"मग मिटलं का आपलं काम?"

"नाही हो. खत हवंच."

एकच दार राहिलं होतं. सेक्रेटरींनी बेलकडे हात नेला आणि मागे घेतला. मग बायकोकडे बघितलं आणि दाबली. तक्रारकाका जणू दाराला कान लावूनच उभे होते, इतक्या चटकन दार उघडलं.

"तपास चाललाय वाटतं," काका म्हणाले. "या. मला माहीत होतं, शेवटी इथेच यावं लागणार."

आत टेबलावर कागद अंथरला होता आणि कागदावर काचेची बरणी होती. बरणीत खत होतं. काळंभोर, मोकळं, काहीही न मिसळलेलं. झाकणावर लाखेचं सील होतं आणि वर चिठ्ठी चिकटवलेली.

"मुद्देमाल," काका म्हणाले. "सकाळी जप्त केलाय. बरणी उकळून घेतली, पुसून वाळवली. ढिगाच्या वरचं घेतलं नाही, बाहेरची धूळ असते. खालचं नाही, फरशी लागते. मधोमध चमचा घालून काढलं. वॉचमन पंच होता, त्याची सही आहे. प्रकरण पुढे गेलं तर समोरच्या वकिलाला बोट ठेवायला जागा राहता कामा नये."

मातीबाई बरणीकडे बघतच राहिली. तिने पाहुणीला ते सगळं तिच्या भाषेत सांगितलं. पाहुणीने बरणी उजेडाकडे धरून पाहिली, आश्चर्याने तोंडात बोट घातलं आणि काकांचा हात दोन्ही हातांत घेऊन गदागदा हलवला.

"ती म्हणतेय, नमुना असाच घ्यायचा असतो. आमच्या प्रयोगशाळेतले लोकसुद्धा इतकं नीट घेत नाहीत," मातीबाई म्हणाली. "आणि म्हणतेय, तिच्या देशात खताबद्दल तक्रार करणारी माणसं प्रत्येक गावात असतात. त्यांना फार मान आहे."

"आहे का?" काकांचा आवाज बदलला. मग त्यांनी स्वतःला सावरलं. "पण मुद्देमाल देता येणार नाही. तक्रार कशाच्या जोरावर चालवू?"

"काका," सेक्रेटरी म्हणाले, "तक्रार मान्य."

"काय?"

"मान्य. फोन मी घेतला, निरोप मी दिला, ढीग माझ्यामुळे पडला. सगळी चूक माझी. मी कबूल करतो, पुराव्याची गरजच नाही."

काका खाली बसले. चष्मा काढून पुसायला लागले. "लिफ्टची पडून आहे," ते म्हणाले. "टाकीची पडून आहे. खुर्च्यांची तर कुणी ऐकूनसुद्धा घेतली नाही. इतक्या वर्षांत, सेक्रेटरी, मान्य म्हणणारे तुम्ही पहिले." त्यांनी बरणी उचलली आणि मातीबाईच्या हातात दिली. "घे, पोरी. आभारी आहे मी तुमचा."

"आभारी तुम्ही कसले, काका? आम्ही आहोत!" मातीबाई म्हणाली. ती बरणी तिने बाळासारखी छातीशी धरली. "लेख छापून येईल ना, तेव्हा आभाराच्या पानावर गोठेवाल्यांच्या शेजारी तुमचं नाव घालेन. वचन."

सगळे निघायला वळले. काका मात्र बसूनच होते. "आणखी एक तक्रार होती," ते जरा अवघडून म्हणाले. "खरं म्हणजे तीच मुख्य."

"बोला ना."

"मी इथे सील लावत बसलो. लाख वितळवायला वेळ लागतो. खाली उतरलो तर फरशी धुतलेली." काकांनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे रिकामं घमेलं होतं. "माझ्या गॅलरीत गुलाब आहे. अख्ख्या इमारतीला मिळालं, मला नाही मिळालं. मुद्देमालाला तर हात लावता येत नाही. सांगा आता, कुणाकडे दाद मागू?"

मातीबाईने हळू आवाजात पाहुणीला सांगितलं. पाहुणी झटकन सेक्रेटरींच्या घरी गेली आणि आपल्या पाकिटांमधलं जास्तीचं एक पाकीट घेऊन आली. तिने ते काकांना दोन्ही हातांनी, जरा वाकून दिलं.

"ती म्हणतेय, घ्या," मातीबाई म्हणाली. "तिच्या देशात हे कुणाला हवंय असं ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय. तुमचे आभार मानतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत कुंड्या भरल्या गेल्या. बरणीतलं खत सगळ्या कुंड्यांना व्यवस्थित पुरलं. मातीबाईने तिथूनच फोन करून सेक्रेटरींना सांगितलं, आणि सांगताना ती इतकी आनंदात होती की सेक्रेटरींनी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला उगाचच दोनदा धन्यवाद म्हटलं.

संध्याकाळी ते घरी आले तर दारात माणसं उभी होती. डॉक्टरीणबाई, व्यायामवाला, शिकवणीवाल्या बाई, सगळे. सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज होता. इमारतीच्या इतिहासात असा अर्ज पूर्वी कधी आला नव्हता. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन बेल दाबली.

"काका, रागावू नका," ते चाचरत म्हणाले. "तुमच्याविरुद्ध तक्रार आलीय. आम्हाला देशी खत आणि तुम्हाला एकट्यालाच परदेशी, हा भेदभाव आहे म्हणतात."

गॅलरीत गुलाबाची कुंडी नुकतीच पाणी दिलेली दिसत होती, पाकिटाचा मात्र कुठे मागमूस नव्हता. काकांच्या चेहऱ्यावर असं हसू आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी सेक्रेटरींना हाताला धरून आत घेतलं, खुर्ची दिली, चहा टाकला, आणि मग समोर बसून अगदी प्रेमाने विचारलं,

"पुरावा आहे का त्यांच्याकडे?"